पत्र्यालगतचे पाणी



सायकलचे चकचकीत हँडल, नळाची तोटी, कमरपट्ट्याचे बक्कल, मोटारसायकलचे नटबोल्ट या वस्तू आपण रोज हाताळतो. आत लोखंड किंवा पितळ असते आणि वर निकेल, क्रोम किंवा जस्त यांचा केसाहूनही पातळ थर असतो. हा थर चढवण्याच्या कामाला कारखान्यात 'प्लेटिंग' म्हणतात, पुस्तकात विद्युत्-विलेपन म्हणतात आणि आपल्या जुन्या बोलीत मुलामा देणे म्हणतात. नाशिकच्या सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींत मोटारींचे आणि विजेच्या सामानाचे सुटे भाग तयार होतात. त्यांवर असे थर चढवणारी लहानमोठी वर्कशॉपेही तेथे आहेत. नाशिक रोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. शंभराच्या नोटेवरील गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरवून बघा, बारीकसा उठाव हाताला लागेल. असली उठावाची छपाई करणारे पत्रेसुद्धा जगात सामान्यतः याच रीतीने घडवतात. द्रावणात वीज सोडून निकेलचा पत्रा 'वाढवायचा' आणि त्यावर कठीण क्रोमचा थर द्यायचा.

तेव्हा हा विषय आपल्या दाराशी आहे. आज मला त्यातली एकच गोष्ट सांगावयाची आहे. या टाकीत काम करते ती वीज, असे आपण समजतो. ते खरे आहे, पण अर्धेच. वीज किती काम करू शकेल हे ठरते टाकीतले पाणी कसे वाहते त्यावर, आणि त्यातही पत्र्याला अगदी चिकटून असलेल्या, केसाच्या जाडीच्या पाण्यात काय चालले आहे त्यावर. ते पाणी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आज त्याचा हिशेब संगणकावर मांडतात. हा हिशेब काय असतो आणि गोदाकाठच्या शेतकऱ्याला त्याचे काय, हे आता क्रमाने पाहू.

प्रथम टाकीकडे वळू. समजा, लोखंडी तुकड्यावर तांबे चढवायचे आहे. टाकीत तांब्याच्या क्षाराचे निळे द्रावण असते. द्राक्षबागायतदारांना ते ओळखीचे आहे, कारण बोर्डो मिश्रणात आपण जे मोरचूद वापरतो तेच हे. मोरचूद पाण्यात विरघळले की तांब्याचे कण पाण्यात सुटे होतात. प्रत्येक कणावर विजेचा धन भार असतो. अशा कणांना आयन म्हणतात. तुकडा विजेच्या ऋण टोकाला जोडला की हे आयन त्याच्यापर्यंत येतात, तेथे वीज घेतात आणि धातू होऊन चिकटून बसतात. किती वीज दिली म्हणजे किती धातू बसेल, याचा नियम मायकेल फॅराडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३४ साली प्रसिद्ध केला. त्या नियमाने एक अँपिअर प्रवाह एक तास चालला, तर सुमारे १.१९ ग्रॅम तांबे बसते. हा हिशेब दुकानदाराच्या तागडीइतका चोख आहे.

मग अडते कोठे? वीज वाढवावी आणि दुप्पट तांबे घ्यावे, असे कोणी म्हणेल. पण पत्र्याजवळचे आयन संपले की त्यांच्या जागी दुसरे यायला हवेत. येणार कुठून? टाकीच्या मध्यभागातून. आणि येणार कसे? येथे एक नवल आहे. पाणी अगदी स्थिर असेल तर त्यात विरघळलेला कण आपसूक सरकत जातो खरा, पण फार सावकाश. या सरकण्याला विसरण म्हणतात. अडॉल्फ फिक या जर्मन वैद्याने त्याचा नियम १८५५ मध्ये मांडला. त्या नियमाने हिशेब केला, तर स्थिर पाण्यात कणाला एक मिलिमीटर अंतर जायला सुमारे आठ मिनिटे लागतात. एक सेंटिमीटरला मात्र आठाच्या दसपट नाही, शंभरपट वेळ लागतो, म्हणजे जवळजवळ चौदा तास. आणि दहा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धी वीत अंतर जायला जवळजवळ दोन महिने! अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो, ही त्यातली मेख आहे.

म्हणून टाकीतले द्रावण हलते ठेवतात. खालून हवा सोडतात, पंपाने फिरवतात किंवा तुकडे टांगलेला रॅक पुढेमागे हलवतात. पण पाणी कितीही हलवा, भिंतीला टेकलेले पाणी भिंतीलाच धरून राहते. पाटात बघा ना. मध्यावर धार जोरात असते, काठाशी ती मंद होते आणि अगदी काठाला चिकटलेले शेवाळ जागचे हलतही नाही. पत्र्यालगतही असाच एक संथ थर उरतो. टाकी न ढवळता ठेवली तर या थराची जाडी एक-दोन दशांश मिलिमीटर असते. चांगले ढवळले तर ती एक-दोन शतांश मिलिमीटरपर्यंत खाली येते. हा थर आयनाला शेवटी स्वतःच्या पायांनी ओलांडावा लागतो, तेथे प्रवाहाची गाडी मिळत नाही. वॉल्थेर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने या थराचा विचार १९०४ मध्ये मांडला. आयन या थरातून ज्या वेगाने येऊ शकतात तीच टाकीची कमाल मर्यादा. त्याहून जास्त वीज रेटली तर तांबे वाढत नाही. ती जादा वीज पाण्याचेच विघटन करते, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि बसलेले तांबे काळपट, भुसभुशीत होते. कारागीर म्हणतो, "जॉब जळाला." आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

आता शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या भागाकडे येतो. टाकीतून काढलेल्या तुकड्याबरोबर थोडे द्रावण चिकटून येते. ते धुऊन टाकावे लागते. त्या धुण्याच्या पाण्यात तांबे, निकेल, जस्त, क्रोमियम असे धातू उतरतात. हे पाणी तसेच सोडले तर काय होईल? सातपूर-अंबडच्या भागातून नासर्डी म्हणजे नंदिनी नदी वाहते. समर्थ रामदासांच्या वास्तव्यामुळे सर्वांना ठाऊक असलेल्या टाकळीपाशी ती गोदावरीला मिळते. गोदावरी पुढे निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला जाते. तेथील पाणथळ जागेला २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान मिळाला. तेथूनच डावे आणि उजवे कालवे निघतात आणि कोपरगाव, राहाता भागातल्या शेतांना पाणी देतात. शहरातल्या एखाद्या मोरीत सोडलेल्या पाण्याचा आणि वीस कोसांवरच्या उसाचा संबंध असा असतो. शेण कुजते, पालापाचोळा कुजतो, पण धातू कुजत नाही. तो गाळात, मातीत साठत जातो. तांबे थोडे असेल तर पिकाला हवेच असते, पण जास्त झाले तर माशांना आणि मुळांना बाधते. क्रोमियमचा एक प्रकार, ज्याला षट्संयुजी म्हणतात, तो तर कर्करोगकारक आहे. म्हणून पर्यावरण संरक्षणाच्या नियमांनी मर्यादा घातल्या आहेत. नदीनाल्यात सोडावयाच्या सांडपाण्यात, दर लिटरला तांबे ३ मिलिग्रॅम, निकेल ३, जस्त ५ आणि षट्संयुजी क्रोमियम केवळ ०.१ मिलिग्रॅम, यापेक्षा जास्त चालत नाही.

ही मर्यादा गाठण्याची नेहमीची रीत म्हणजे चुन्याने धातू खाली बसवणे. मोरचुदात चुना मिसळून आपण बोर्डो करतो, तेव्हा निळा साका तयार होतो की नाही? तांब्याच्या बाबतीत तीच ही रसायनक्रिया. पाणी सुधारते, पण धातू गाळात जातो. तो गाळ घातक कचरा ठरतो, त्याची वाहतूक आणि विल्हेवाट यांचा खर्च येतो आणि पैसे मोजून आणलेला धातू कायमचा जातो. मग दुसरी रीत सुचते. धातू विजेने चढतो, तर धुण्याच्या पाण्यातूनही तो विजेनेच परत का काढू नये? काढता येतो. त्याकरता जी टाकी बांधतात ती विद्युत्-रासायनिक टाकी. पत्र्यावर तांबे जमते, ते सोलून पुन्हा वापरायचे आणि पाणी स्वच्छ व्हायचे. एका दगडात दोन पक्षी म्हणतात तसे.

पण येथेच तो पत्र्यालगतचा थर आडवा येतो. मुलाम्याच्या टाकीत दर लिटरला पन्नास ग्रॅम तांबे असते. धुण्याच्या पाण्यात असते शंभर मिलिग्रॅम, म्हणजे पाचशेव्या हिश्श्याने. आयन पाचशेपट विरळ, म्हणून टाकीची कमाल मर्यादाही पाचशेपट खाली. एक उदाहरण करून पाहू. हजार लिटर पाणी घेतले, त्यात एक चौरस मीटरचा पत्रा बुडवला आणि संथ थराची जाडी एक दशांश मिलिमीटर धरली. मग पहिल्या तासात जेमतेम अडीच ग्रॅम तांबे निघेल. पुढे तर पाणी जसजसे विरळ होईल तसतसा वेग आणखी घटेल. पाण्यातले तांबे निम्मे व्हायला सत्तावीस तास लागतील, त्याचे पुन्हा निम्मे व्हायला आणखी सत्तावीस तास. शंभरावरून तीन मिलिग्रॅमवर यायला असे पाच निम्मे करावे लागतात. एकूण झाले पावणेसहा दिवस, रात्रंदिवस! इतका वेळ कोणता कारखानदार थांबेल? आता हाच थर दहापट पातळ करता आला तर? तेच काम चौदा तासांत होईल. संध्याकाळी टाकी भरली तर दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळी. वीज तीच, पत्रा तोच, पाणी तेच. बदलला तो केवळ एका दशांश मिलिमीटरचा थर. पण धंद्याला परवडणे आणि न परवडणे यांतला फरक त्यानेच पडला.

थर पातळ करण्याच्या युक्त्या अनेक आहेत. सपाट पत्र्याऐवजी फिरते नळकांडे वापरतात. पत्र्यांच्या मधल्या फटीत जाळी घालतात, म्हणजे पाणी तिच्यावर आपटून घुसळते. सच्छिद्र कार्बनमधून पाणी पार करतात, म्हणजे थोड्या जागेत पुष्कळ पृष्ठभाग मिळतो. पण नुसता पंपाचा जोर वाढवून भागत नाही. जोराने सोडलेले पाणी टाकीत सगळीकडे सारखे जाईलच असे नाही. ते आत शिरल्या तोंडाकडून बाहेरच्या तोंडाकडे जवळची वाट धरते आणि कोपऱ्यातले पाणी तिथल्या तिथे गिरक्या घेत बसते. बागलाणातील मोसम, आरम नद्यांवरची जुनी फड पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे सांगायला नको. बंधाऱ्यावर पाणी भरपूर असले म्हणून शेवटच्या वाफ्याला ते पोहोचते असे नाही. वाट कशी काढली, चारी कोठे फोडली, कोणता बांध किती उंच ठेवला यावर ते ठरते. म्हणून तर पाटकऱ्याला मान असतो. टाकीला असा पाटकरी कोठून आणायचा? बंद टाकीत डोकावून बघता येत नाही, आणि शतांश मिलिमीटरचा थर बघायला डोळा पुरत नाही.

येथे संगणकाचे काम सुरू होते. पाण्यासारखा द्रव कसा वाहतो याचे नियम नवे नाहीत. फ्रान्समधील नाव्हिए यांनी १८२२ मध्ये आणि इंग्लंडमधील स्टोक्स यांनी १८४५ मध्ये त्यांची समीकरणे मांडली. न्यूटनच्या गतिनियमाचाच तो पाण्यासाठी लिहिलेला अवतार. अडचण अशी की, अगदी साध्या आकारांखेरीज ही समीकरणे कागदावर सुटत नाहीत. रशियातील लेविच यांनी फिरत्या चकतीचे उत्तर १९४२ मध्ये काढले. चकतीची गती चौपट केली की आयनांची आवक दुप्पट होते, असे त्यातून निघाले आणि प्रयोगांनी ते खरे ठरले. पण कारखान्यातली टाकी चकतीसारखी साधी नसते. तिला कोपरे असतात, नळ असतात, वेडेवाकडे तुकडे टांगलेले असतात.

म्हणून संगणकाकडून वेगळी युक्ती करवून घेतात. सगळ्या टाकीचे लहान लहान वाफे पाडायचे. दोनचार नव्हे, लाखो. प्रत्येक वाफ्याचा जमाखर्च ठेवायचा. शेजारून पाणी किती आले, किती गेले. त्याबरोबर तांबे किती आले, किती गेले, पत्र्यावर किती बसले. शिल्लक काय राहिली. एका वाफ्याची शिल्लक बदलली की शेजाऱ्याची बदलते, म्हणून सगळी वही पुन्हा पुन्हा तपासायची, सगळ्यांचे हिशेब एकमेकांशी जुळेपर्यंत. एक माणूस हे आयुष्यभर करील तरी संपणार नाही. संगणक ते काही तासांत किंवा काही दिवसांत करतो. त्यात चमत्कार काही नाही, अथक बेरीज-वजाबाकी आहे.

वाफे पाडण्यात मात्र शहाणपण लागते. पत्र्यालगतचा थर शतांश मिलिमीटरचा, म्हणून सगळी टाकी तेवढ्याच वाफ्यांत कापायची ठरवली, तर एक घनमीटरच्या टाकीत एकावर पंधरा शून्ये इतके वाफे होतील. कोणताही संगणक हात टेकील. म्हणून पत्र्याजवळ अगदी पातळ, बिस्किटासारखे चपटे वाफे पाडतात आणि दूर जाताना ते मोठे करत नेतात. त्यातही एक बारकावा आहे. वेगाचा मंद थर आणि आयनांचा विरळ थर हे एकाच जाडीचे नसतात. पाण्यात आयन फारच सावकाश पसरतात, म्हणून त्यांचा थर वेगाच्या थराच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच असतो. ज्याने वेगापुरतेच वाफे बारीक केले त्याला वेगाचे चित्र बरोबर मिळेल, पण धातू किती बसेल याचे उत्तर चुकेल.

हिशेब संपला की संगणक टाकीचे रंगीत चित्र काढून दाखवतो. कोठे पाणी जोरात आहे, कोठे गिरकी घेत थांबले आहे, पत्र्याच्या कोणत्या भागाला आयन मिळत नाहीत, हे तेथे दिसते. मग नळाचे तोंड हलवून बघायचे, एक आडवी पट्टी घालून बघायची, पत्र्यांमधले अंतर कमी करून बघायचे. हे सगळे लोखंड न कापता, तांबे न सांडता करता येते. मुलाम्याच्या कामातही त्याचा तसाच उपयोग होतो. तुकड्याच्या कडांना वीज जास्त धावते म्हणून तेथे थर जाड होतो आणि खोबणीत पातळ राहतो. त्यात वीज किती कारणीभूत आणि पाणी किती, हे या हिशेबाने वेगळे करून सांगता येते.

या विद्येत महाराष्ट्र मागे नाही. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, जिला जुनी मंडळी यूडीसीटी म्हणून ओळखतात, १९३३ साली स्थापन झाली. तेथील प्राध्यापक ज्येष्ठराज जोशी यांनी रासायनिक टाक्यांत द्रव, वायू आणि बुडबुडे कसे फिरतात याच्या हिशेबावर अनेक वर्षे काम केले आणि विद्यार्थ्यांची मोठी परंपरा उभी केली. २०१४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम करताना विवेक रानडे यांनी याच विषयावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २००२ मध्ये निघाला. हिशेबाची साधनेही आता महाग राहिलेली नाहीत. 'ओपनफोम' नावाची संगणकप्रणाली २००४ पासून सर्वांना मोफत खुली आहे आणि मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' हा प्रकल्प विद्यार्थ्यांना ती शिकवण्याचे काम करतो. तालुक्याच्या गावच्या मुलालाही ती शिकता येते. हवे ते गणित, चिकाटी आणि एक बरासा संगणक.

येथे एक इशारा दिला पाहिजे. संगणकाचे चित्र रंगीत असते म्हणून ते खरे असते असे नाही. पाणी खळाळू लागले की त्याचा तंतोतंत हिशेब कोणालाच परवडत नाही, अंदाजी नियम वापरावे लागतात. द्रावणाचा दाटपणा, आयनांची सरकण्याची गती हे आकडे चुकीचे भरले तर उत्तरही चुकीचेच येणार. पेराल तसे उगवते, हे संगणकालाही लागू आहे. म्हणून चांगला संशोधक दोन कसोट्या लावतो. पाण्यात रंग सोडून तो किती वेळाने बाहेर पडतो हे मोजतो. आणि वीज हळूहळू वाढवत नेऊन प्रवाह कोठे अडतो, म्हणजे कमाल मर्यादा प्रत्यक्ष किती येते, हे मोजतो. दोन्ही जुळले तर चित्रावर विश्वास ठेवायचा.

आणि दुसरे असे की, हिशेब करण्याआधी साधे शहाणपण वापरावे. रॅक टाकीतून काढल्यावर जरा वेळ तसाच निथळू द्यावा. मग एका टाकीऐवजी दोन टाक्यांत धुवावे. स्वच्छ पाणी दुसऱ्या टाकीत सोडावे आणि तिचे ओसंडलेले पाणी पहिलीत घ्यावे. समजा, एक लिटर द्रावण चिकटून आले आणि ते हजारपट पातळ करायचे आहे. एका टाकीत हजार लिटर पाणी लागेल. अशा उलट्या क्रमाच्या दोन टाक्यांत सुमारे बत्तीस लिटर पुरेल! त्यात पाणी वाचले हा एक लाभ. दुसरा लाभ आपल्या विषयाचा आहे. धुण्याच्या पाण्यात आता दर लिटरला पन्नास मिलिग्रॅम नव्हे, तर सुमारे दीड ग्रॅम तांबे असेल. म्हणजे आयन तीसपट दाट, आणि विजेने ते परत काढण्याचा आरंभीचा वेगही तीसपट. शेवटचे काही मिलिग्रॅम काढणे तरीही कठीणच राहते, आणि पाण्याच्या वाहण्याचा बारीक हिशेब तेथेच खरा उपयोगी पडतो.

चारपाच माणसांच्या वर्कशॉपला हा हिशेब एकट्याने झेपणार नाही, हे उघड आहे. पण एकाच मापाच्या टाक्या अनेक ठिकाणी असतात. एका तंत्रनिकेतनाने किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाने एका टाकीचा हिशेब नीट करून, मोजून, पडताळून दिला तर तो कितीतरी ठिकाणी चालेल. विद्यार्थी वर्षाच्या शेवटी जे प्रकल्प करतात त्यांत असे काम बसण्याजोगे आहे.

शिक्षक बंधुभगिनींना दोन प्रयोग सुचवतो. एका काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि ते पूर्ण स्थिर होऊ द्या. विहिरीत टाकायच्या लाल औषधाचा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचा, एक लहानसा खडा अलगद तळाशी सोडा. रंग तळाशीच किती वेळ रेंगाळतो ते मुलांना घड्याळ लावून बघू द्या. मग दुसऱ्या पेल्यात तोच खडा टाकून चमचा फिरवा. विसरण आणि प्रवाह यांतला फरक मुले जन्मात विसरणार नाहीत. दुसरा प्रयोग मोरचुदाच्या पातळ द्रावणाचा. तांब्याच्या दोन पट्ट्या घ्या, टॉर्चचे दोन सेल जोडा. एकदा द्रावण स्थिर ठेवून आणि एकदा काचेच्या कांडीने सतत ढवळून, सारखाच वेळ वीज सोडा. ऋण टोकाच्या पट्टीवरचा थर दोन्ही वेळा बोटाने पुसून बघा. स्थिर द्रावणातला थर बहुधा काळपट आणि सुटणारा निघेल, ढवळलेल्यातला जास्त घट्ट. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हात धुवायला लावा आणि उरलेले द्रावण झाडांच्या मुळांशी किंवा नाल्यात ओतू नका. त्यात चुना घालून साका बसवा. ते पाणी कोठे जाणार, हा प्रश्नही मुलांना त्याच वेळी विचारावा.